सुट्टी मामाच्या गावची, हिशोब मामीचा

मे महिन्यात भुसावळला कोण जातं? यंदा ऑफिसात हा प्रश्न मला तिघांनी विचारला. एकानं तर आवाज खाली आणून, "घरी सगळं ठीक आहे ना?" असंही विचारलं. शेजारचे मनालीला निघाले होते, बायकोची मैत्रीण कूर्गला, आणि आम्ही चौघं महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याहून भुसावळ. पंधरा दिवस. पोरांना सांगितलं तेव्हा धाकट्याचा पहिला प्रश्न, "तिथे एसी आहे?" नाही. "मग काय आहे?" कूलर आहे, आजी आहे, गच्ची आहे. त्याच्या चेहऱ्यावरून तिन्ही मिळून एक एसी होत नव्हता.

उन्हाचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मी उगाच गोडवे गातोय असं वाटायला नको. मनमाड मागे पडलं की खिडकीतली हवाच बदलते. मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की हवामान खातं त्याला सरळ उष्णतेची लाट म्हणतं. आमच्याकडे तशा दुपारला फक्त दुपार म्हणतात. अकरा ते पाच बाहेर पडायचंच नाही. पडलंच तर डोक्याला उपरणं, खिशात कांदा, निघताना पन्हं. कांद्यानं काय होतं ते विचारू नका. आईनं खिशात घातला की तो मुकाट्यानं न्यायचा.

आणि कूलर. पुण्या-मुंबईकडच्या लोकांना कूलर म्हणजे गरिबाचा एसी वाटतो. आमच्या कोरड्या हवेत हा पत्र्याचा डबा जे काम करतो ते दमट मुंबईत त्याला जन्मात जमणार नाही. ओल्या गवतातून वारा ओढायचा, पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेऊन जाते, एवढंच त्याचं शास्त्र. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. पण समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीचं ओलं गोदाम होतं. माझ्या मते कूलरचा खरा गुण वेगळाच आहे: तो घरात एकच असतो. एसीवाल्या घरात चार खोल्यांत चार माणसं दारं लावून बसतात. कूलरसमोर अख्खं घर एका सतरंजीवर येतं, कारण दुसरीकडे बसवतच नाही. पहिले दोन दिवस पोरं कुरकुरली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच सतरंजीवर झब्बू सुरू झाला आणि माझी आई नातवाला सर्रास फसवताना पकडली गेली.

आता मुद्द्यावर येतो. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

दर एप्रिल-मेमध्ये माझ्या वयाची माणसं इथे एक ठरावीक पोस्ट टाकतात. मामाचं गाव, आंब्याची आढी, गच्चीवर ओळीनं अंथरुणं, वाळवणं, लाट्या खाणं, 'आजच्या मुलांना हे सुख कुठे' वगैरे. मीही टाकल्यात. चांगल्या दोन-तीनशे लाइकच्या टाकल्यात. माझ्या मामाचं गाव यावलजवळ. धाब्याचं घर, म्हणजे लाकडी सरांवर मातीचं सपाट छत. रात्री त्या धाब्यावर आम्ही अकरा भावंडं झोपायचो. संध्याकाळी पाणी शिंपडलं की मातीचा जो वास यायचा त्यावर मी एक आख्खा परिच्छेद लिहिला होता. बादलीत गार करायला टाकलेले रायवळ आंबे, कोपरापर्यंत ओघळणारा रस, सगळं त्यात होतं.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात मामीला ती पोस्ट वाचून दाखवली. मामी आता बहात्तर वर्षांची आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं, हसली. मी म्हटलं, "मामी, तुला काय आठवतं गं त्या सुट्ट्यांमधलं?"

"मले? मले चूल आठवते."

मग जरा थांबून, "तुम्ही सगळे गेले का मंग मी माहेरी जायची. तवर मिरग लागेल राहायचा."

मी उगाच विषय बदलायला म्हटलं, धाब्यावर झोपायला किती मजा यायची ना. तर ती म्हणाली, "मी कुठी झोपली रे भो धाब्यावर?"

खरंच की. मी आठवून पाहिलं. अकरा पोरं, मामा, आजोबा, कधी शेजारचे काका. मामी वर कधी दिसल्याचं मला आठवेना. ती खाली, स्वयंपाकघराच्या दाराशी चटईवर. कारण पहाटे चारला उठून चूल पेटवायची, आणि चौदा-पंधरा माणसांचं आंघोळीचं पाणी. मे महिन्यात, खानदेशात, चुलीपुढे. दुपारी आम्ही गार फरशीवर लोळत असायचो तेव्हा पलीकडे रसाबरोबरच्या पोळ्या कोण लाटत होतं, हा प्रश्न मला चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोके घेतात, त्याचंही आम्ही भरभरून लिहितो. आई यायची, झोका घ्यायची. आईचं माहेर ते मामीचं सासर, हे इतकं साधं गणित.

ती जुनी पोस्ट मी डिलीट केली नाही. पण त्यानंतर तशी दुसरी लिहवली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. उन्हाळा घरात, माणसांत घालवावा, जरूर घालवावा, मनाली कुठे पळून जात नाही. पण 'घरचा उन्हाळा' म्हणजे एका बाईनं राबायचं आणि बाकीच्यांनी पुढे वीस वर्षं त्याच्या आठवणी काढायच्या, अशी रीत असेल तर त्यापेक्षा हॉटेल बरं. तिथे निदान राबणाऱ्याला पगार मिळतो. माझी बायको हेच गेली दहा वर्षं सांगत होती, फक्त कमी शब्दांत: "तुझी सुट्टी असते, माझं स्वयंपाकघर बदलतं."

म्हणून यंदा निघण्याआधीच ठरवलं. सकाळचा स्वयंपाक मी आणि आमची मोठी. भांडी धाकटा आणि जो कोणी झब्बूत हरेल तो. कूलरच्या बादल्याही आमच्याच, आणि नळ रोज येत नाही तिथे ते काम काही लहान नाही. आईनं पहिल्या दिवशी ठाम विरोध केला. मुलगा भाकरी थापतोय हे शेजारणीला दिसू नये म्हणून तिनं खिडकी लावली. कूलर चालू असताना! दहा मिनिटांत सगळे घामाघूम. मग तिनंच उघडली.

आणि कुरडया. आईनं वाळवणं बंद करून सहा-सात वर्षं झाली होती, गुडघ्यांमुळे. बाजारात पाकिटं मिळतात. पण मला त्या करायच्याच होत्या, आणि मामीला यावलहून मुद्दाम आणलं, अट अशी की ती खुर्चीवरून उठणार नाही. सोबत मामाही आला. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यात सोऱ्या हातात धरलेला नाही. त्याला काम काय आहे हे आधी सांगितलं नव्हतं.

ज्यांनी कधी केल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास सुटतो आणि पोरं नाकं धरून फिरतात. मग ते वाटायचे, पाण्यात कोळायचे, फडक्यातून गाळायचे. चोथा वेगळा, त्याच्या भुसवड्या होतात. पांढरं पाणी रात्रभर ठेवायचं. सकाळी वरची निवळ हलक्या हातानं ओतून दिली की तळाशी घट्ट पांढराशुभ्र चीक बसलेला असतो. आमच्या मोठीनं बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हे दाबलं तर घट्ट लागतं आणि सोडलं तर वाहतं!" तिनं मग पुढचा अर्धा तास तेच केलं.

खरी परीक्षा शिजवताना. जेवढा चीक तेवढंच पाणी, मीठ-हिंग घालून उकळायचं. एकानं चिकाची धार धरायची, दुसऱ्यानं न थांबता हलवायचं. हलवायला मी होतो. पहाटेचे पावणेपाच, पातेलं मोठं, पळी जड, आणि माझा हात पळीवर असला तरी लक्ष मोबाइलवर होतं. व्हिडिओ काढायचा होता ना! पाच सेकंद, फार तर दहा. तेवढ्यात तळाशी गाठी झाल्या. गुलाबजामएवढ्या. मामी खुर्चीवरून म्हणाली, "आता त्याचाच फोटो काढ."

पहिला घाणा वाया गेला असं समजू नका. गाठी बाजूला काढून, तूप-साखर घालून तो गरम चीक पोरांनी वाट्या भरभरून खाल्ला. धाकट्याच्या मते सुट्टीतला सर्वोत्तम पदार्थ तोच होता. दुसऱ्या घाण्याला मोबाइल घरात. चीक काचेसारखा चकाकायला लागला, ओलं बोट लावलं तर चिकटेना, तेव्हा मामीनं मान हलवली.

गच्चीवर उजाडत होतं. हे सगळं पहाटेच का, ते तिथे बसल्यावर कळतं. चीक गरम असतानाच सोऱ्यातून पडला पाहिजे, आणि आठनंतर गच्चीची फरशी पाय ठेवू देत नाही. शिवाय पहिल्या दिवसाचं पूर्ण ऊन लागलं नाही तर कुरडई आंबते. मामा सोऱ्यावर बसला. पहिल्या चार कुरडया कुरडयांसारख्या दिसत नव्हत्या; कुणीतरी घाईत गाठ मारून टाकलेली सुतळी दिसत होती. पाचवीला जमलं. वीस झाल्यावर तो दंड चोळायला लागला. "हे काम लय जोराचं आहे," असं म्हणाला. मामी काहीच बोलली नाही. पन्नास वर्षांत तिनं किती कुरडया घातल्या असतील याचा हिशोब मी मनात करू गेलो आणि सोडून दिला. मामानं बहुतेक केला असावा, कारण त्यानंतर तो चाळीस-पन्नास कुरडया काही न बोलता घालत राहिला.

बाकीचे दिवस भराभर सांगतो. बटाट्याचा कीस झाला, साबुदाण्याच्या पापड्या झाल्या, बिबडे मात्र राहिले. मांडे करायचा प्रयत्न झाला, खापरावर पडेपर्यंत त्याला तीन भोकं पडली होती, विषय संपला. पण एक गंमत सांगायलाच हवी. भारतात कर्कवृत्ताच्या दक्षिणेला वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. पुण्यात मेच्या मध्यावर, भुसावळला २५-२६ मेच्या सुमारास, म्हणजे नेमका नवतपा, उन्हाळ्यातले ते सर्वांत तापाचे मानलेले नऊ दिवस, सुरू होतो तेव्हा. दुपारी साधारण १२ वाजून २४ मिनिटांनी आम्ही गच्चीवर स्टीलचा पेला उभा ठेवला. सावली आखडत आखडत पेल्याच्या बुडाखाली गेली आणि दिसेनाशी झाली. धाकटा स्वतःची सावली शोधत गोल गोल फिरला, पाय भाजले म्हणून नाचत खाली पळाला, आणि दोन मिनिटांनी चप्पल घालून परत आला. कुठल्या उन्हाळी शिबिराला मी या दोन मिनिटांचे पैसे देऊ शकलो असतो, मला माहीत नाही. शिबिरं वाईट नसतात, दोघंही नोकरीवर असले की दुसरा इलाजही नसतो. आम्हीही घातलंय पोरांना. यंदा नाही, एवढंच.

आणि हो, मीच फार मोठा तीर मारला असं कुणाला वाटू नये. पंधरा दिवसांत दोनदा माझी आणि आईची भांडणं झाली, दोन्ही वेळा तेल किती घालायचं यावरून. एका दुपारी वीज तीन तास नव्हती तेव्हा मी स्वतः फोनवर मनालीचे दर बघत होतो.

शेवटच्या आधीच्या रात्री मामीची खाट गच्चीवर टाकली. तिचे गुडघेही काही धड नाहीत. मी आणि मामानं दोन्हीकडून धरून तिला जिना चढवला. "कशाला रे, खालीच बरं," असं दर पायरीला. वर आल्यावर मात्र गप्प झाली. पोरीला मी सप्तर्षी दाखवत होतो. त्याच्या शेपटीची कमान तशीच पुढे ओढत नेली की स्वाती, आणखी पुढे चित्रा. मामी आडवी पडून ऐकत होती. मग म्हणाली, "त्यो लाल कोनता, तिकडं खाली?" आग्नेयेला विंचू वर आला होता. ज्येष्ठा. मी सांगितलं. "ज्येष्ठा," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा एकदा, स्वतःशीच.

रात्री अडीचच्या सुमारास वारा सुटला. वळवाचा. धूळ, दूर कुठेतरी पत्रा वाजतोय, आणि दोन-चार टपोरे थेंब. गच्चीच्या कोपऱ्यात दुसऱ्या दिवसाच्या कुरडया पसरून ठेवल्या होत्या, वर नुसती चादर. आम्ही सगळे धडपडत उठलो. बायकोनं एक टोक धरलं, मी दुसरं, मामा बनियनवर पराती गोळा करतोय, आई जिन्यातून "कीस, कीस उचला आधी" ओरडतेय, पोरं नुसतीच आनंदानं किंचाळतायत. मामी खाटेवर तशीच पडून होती. मला वाटलं जाग आली नाही.

"मामी, ऊठ, पाऊस येतोय."

तिनं डोळेही उघडले नाहीत. चादर गळ्यापर्यंत ओढली. "ते टाकीजवळची परात पयले घ्या," म्हणाली, "ते अजून ओली आहे." आणि कूस बदलून झोपली.