होकारानंतरचं काय?
पहिली कादंबरी छापून येईपर्यंतच्या प्रवासावरच्या या लेखात लेखिकेनं प्रकाशकांकडून आलेल्या नकारांबद्दल भरभरून लिहिलंय, पण प्रकाशकाच्या होकारानंतरचा काळ मात्र दोन ओळींत उरकलाय. खरी कसोटी तिथंच लागते की! संपादक पहिली तीन प्रकरणं उडवायला सांगतो, नायिकेचे डोळे पान ४० वर घारे आणि १९० वर काळे कसे, असं विचारतो. मग मुद्रितशोधन, त्यात ऱ्हस्व-दीर्घाची हाणामारी वेगळीच. आणि करारपत्र? आनंदाच्या भरात लोक न वाचताच सही ठोकतात. अनुवादाचे, ऑडिओबुकचे, चित्रपटाचे हक्क कोणाकडे, आवृत्ती संपून पुनर्मुद्रण झालंच नाही तर ते परत कधी मिळणार, हे आधी बघा. छपाईचा खर्च लेखकाकडेच मागत असतील तर सरळ उठून यावं, माझं तरी हेच मत. लेखिकेनं या भागावर सविस्तर लिहावं, वाट बघतोय.