वाळूवर तंबू ठोकण्याआधी तिथी बघा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उन्हाळ्यात तंबू कुठे ठोकावा, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की मी लोकांना उगाच घाबरवते. समुद्रापासून दोनशे पावलं मागे आणि धरणाच्या काठापासून वर चढावर राहायचं, तर मग घरच्या गच्चीत तंबू ठोकलेला काय वाईट? मला भंडारदऱ्याचं प्रेम जास्त, म्हणून मी मे महिन्यात कोकणाच्या नावाने नाक मुरडते आणि तिथल्या गरीब माणसांच्या धंद्यावर पाणी ओतते. तुम्ही तर कॉलेजपासून वाळूवर झोपत आलात, कधी काही झालं नाही. आणि शेवटी लिहिलंत की येत्या बुद्ध पौर्णिमेला मुलांना आणि आईला घेऊन दिवेआगरला अगदी पाण्यालगत राहणार आहात, चांदण्यासाठी.

बाकी मुद्द्यांवर मतभेद असू देत. पण ते शेवटचं वाक्य वाचून मला राहवलं नाही, म्हणून आधी त्याबद्दलच.

भरतीची वेळ काढायची कोळीवाड्यातली जुनी रीत आहे : तिथीची पाऊणपट करा, येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला समुद्र भरलेला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वाअकरा-बाराला. मिनिटामिनिटाचा हिशोब यातून निघत नाही, पण तंबूची जागा ठरवायला एवढं पुरतं. आता दोन भरत्यांच्या मध्ये ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला पूर्ण ओहोटी कधी? संध्याकाळी साडेपाच-सहाला. आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्यामुळे भरती जितकी वर चढते, तितकीच ओहोटी खोल जाते.

तुम्ही पुण्याहून जेवून निघालात, ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळामार्गे आलात, तर नेमके त्याच वेळी किनाऱ्यावर पोचाल. तेव्हा दिवेआगरची पुळण वर्षातल्या सगळ्यात मोठ्या मैदानासारखी दिसेल. वाळू ओलसर, घट्ट, सपाट. पाणी इतकं लांब की मुलांना तिथवर धावत जायला वेळ लागेल. अशा जागी कुणालाही वाटेल की आपण पाण्यापासून पुरेसे मागे आहोत. प्रत्यक्षात तुम्ही समुद्राच्या तळावर उभे असता, आणि सहा तासांनी तो परत येणार असतो.

किती आत येतो? रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या ओहोटीत आणि भरतीत तीन-चार मीटरचा फरक सहज पडतो. (दक्षिणेला मालवणकडे तो बराच कमी असतो, आणि भरतीची वेळही थोडी आधी येते.) किनाऱ्याचा उतार तीस मीटरला एक मीटर धरला, तरी पाणी शंभर मीटरच्या आसपास आत सरकतं. ते एकदम अंगावर येत नाही, सावकाश येतं, म्हणून झोपलेल्या माणसाला कळत नाही. आधी तंबूचा तळ गार पडतो. मग समुद्राकडच्या खुंट्या सैल होतात, कारण पाणी भरलेली वाळू खुंटी धरून ठेवत नाही. मग एक लाट खालून शिरते आणि तंबू एका बाजूने बसतो. तरण्या पोरांना अशा वेळी सामान उचलून पळता येतं. रात्री बारा वाजता, दोन झोपलेली मुलं आणि गुडघे दुखणारी आई बरोबर असताना ते कसं करणार, याचा विचार तुम्हीच करा.

तुम्हाला आजवर काही झालं नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि त्याचं कारणही याच गणितात आहे. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा चढ-उतार कमी, आणि संध्याकाळी सहाला जे पाणी दिसतं ते जवळपास सगळ्यात वर आलेलं. त्याच्या दहा पावलं मागे झोपलं तरी रात्रभर कोरडं राहता येतं. तुमच्या बऱ्याच रात्री तशाच तिथींच्या असणार. तोच किनारा, तीच जागा, आठवड्याने वेगळी वागते.

मग मागे म्हणजे कुठे? दोनशे पावलं हा मी अंदाज दिला होता. खरी खूण जमिनीवर असते. भरती ओसरताना वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले आणि आपला प्लास्टिकचा कचरा यांची एक रेघ मागे टाकते. अशा दोन-तीन रेघा दिसतील. त्यांतली सगळ्यात वरची, जुनी, वाळून कोळ झालेली असते, ती उधाणाची. त्याच्याही मागे मर्यादवेल पसरलेली दिसेल, जांभळ्या फुलांची. त्या वेलीच्या मागे जा, वेलीवर तंबू ठोकू नका. वाळू धरून ठेवायचं काम तीच करते. तिथे मागे सुरूचं बन असेल तर सावलीचा मोह होतो, पण वर बघा. वाळलेल्या, अर्धवट मोडलेल्या फांद्या असतील तर ती जागा सोडा. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ याच श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकलं, तेव्हा सुपारीच्या बागा आणि सुरू अक्षरशः आडवे झाले होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. मे उजाडला की अरबी समुद्र असाच असतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज बघितल्याशिवाय घर सोडू नका. आणि नारळाखाली तंबू नको, हे कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा.

पाण्याजवळ बसायला माझी काहीच हरकत नाही. दहा वाजेपर्यंत बसा, चांदणं पोटभर बघा, मग उठून मागे झोपायला या. फक्त ओहोटीच्या वेळी मुलांना गुडघ्याच्या पुढे पाण्यात जाऊ देऊ नका, ओढ बाहेरची असते. आणि वाळूवर मोठे दिवे, शेकोटी, गाडीचे हेडलाइट नकोत. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं मेपर्यंत बाहेर पडत असतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासला घरटी राखायला सुरुवात केली, आणि आज किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत लोक स्वतःहून हे काम करतात. पिल्लू वाळूतून वर आलं की जिकडे उजेड दिसेल तिकडे चालायला लागतं. समुद्रावरचा उजेड त्याला पाण्याकडे नेतो, आपला कंदील त्याला सुरूच्या बनात नेतो, आणि सकाळपर्यंत ते वाळून मरतं.

धंद्याचं म्हणाल, तर भरतीच्या रेघेमागे ज्यांच्या वाड्या आहेत ती तिथली घरंच आहेत. अंगणात तंबू लावून देतात, न्हाणीघर असतं, विहिरीचं पाणी असतं, सकाळी घावन-चटणी मिळते. तुमच्या आईसाठी मी तीच जागा निवडेन. माझा सल्ला ऐकून त्या घरांकडे दोन माणसं जास्तच जातील.

आता भंडारदरा. तिथलं पाणी मला आवडतं हे खरं, पण लेखात त्या काठाचे धोके मी समुद्राइतकेच लिहिले होते. माझं म्हणणं एवढंच की एप्रिल-मेमध्ये तंबूत झोप लागायची असेल तर घाटमाथा बरा. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, सूर्य मावळला की ते पडतात, आणि जमिनीकडून मतलई वारे सुरू होईपर्यंत मधले काही तास पान हलत नाही. दमट हवेत तंबू आतून भिजल्यासारखा होतो. कोकणात राहायचंच तर दोन दारांचा तंबू घ्या, एक दार समुद्राकडे आणि एक डोंगराकडे ठेवा, दोन्हीकडच्या जाळ्या रात्रभर उघड्या राहू द्या. घाटमाथ्यावर उंचीमुळे रात्री पांघरूण ओढावं लागतं.

पण धरणाच्या काठाला स्वतःची खोड आहे, आणि ती भरतीपेक्षा फसवी, कारण तिचं पंचांग नसतं. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्यात सुमारे अकरा टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठतं, आणि ते शेतीसाठी आहे. आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी ठरावीक वेळी सोडायचं पाणी, सुटत जातात तसं धरण उतरतं, आणि मे महिन्यात भरल्या धरणाची रेघ नि आत्ताचं पाणी यांच्यामध्ये मोठा उघडा उतार राहतो. गाळ वरून वाळून भेगाळलेला, पाय ठेवला तर टणक. तंबूची खुंटी हातानेच दाबून बघा : वरची चार बोटं करकरीत, आणि खाली लोण्यासारखी आत जाते. गुरं पाण्यावर जातात तिथले खुरांचे ठसे बघा. ठसा खोल असेल आणि तळाशी ओल असेल, तर तिथे मुलांना पाऊलही टाकू देऊ नका. तंबू नेहमी भरल्या धरणाच्या रेघेच्या वर, जिथे जुनं गवत आणि झुडपं आहेत तिथे. गुरांच्या वाटेवर नको, कारण रात्री त्याच वाटेने रानातली जनावरं पाण्यावर येतात, आणि हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, बिबटे आहेत. धरणाच्या खाली, रंधा धबधब्याच्या अंगाला प्रवरेच्या पात्रातल्या खडकांवर तर कधीच नको. पाणी सोडलं की ते रात्र-दिवस बघत नाही.

वळवाचा पाऊस मात्र दोन्हीकडे सारखाच. दुपारनंतर ढग काळे झाले की तंबू हा आसरा नव्हे, वीज त्याला जुमानत नाही. पक्कं घर किंवा बंद गाडी, एवढेच दोन आसरे. एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही. फोनमध्ये विजेची सूचना देणारं 'दामिनी' अ‍ॅप आधीच घालून ठेवा.

भंडारदऱ्याची एक गोष्ट मी लेखात जास्त लिहायला हवी होती असं आजही वाटतं : पाणी घरून न्या. एवढ्या मोठ्या जलाशयाशेजारच्या वाड्यांवर मे महिन्यात बायका हंडे घेऊन उन्हात चालतात. तिथल्या हातपंपावर आपण आंघोळीच्या बादल्या भरायच्या हे मला बघवत नाही. माणशी दिवसाला पाच लिटर प्यायला-शिजवायला धरा आणि गाडीत भरून न्या. मेअखेरीस घाटघर-रतनवाडीकडे हिरडा, सादडा, जांभळावर काजवे चमकतात, तेव्हा तर गर्दी इतकी होते की पाणी आणि अंधार दोन्ही कमी पडतं.

तुमच्या बेताबद्दल शेवटचं. तारीख बदलता येत असेल तर पौर्णिमेच्या आठवडाभर आधी जा, शुद्ध अष्टमी-नवमीला. चंद्र अर्धा असेल, पण सूर्य मावळताना तो डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीपर्यंत राहतो. मुलं झोपेपर्यंत चांदणं मिळेल, भांगाची भरती असेल, आणि सहाला दिसेल त्या पाण्याच्या जवळपासच पाणी राहील. तरीही रेघेच्या मागेच झोपा. सुट्टी पौर्णिमेलाच असेल तर वाडीत राहा आणि रात्री साडेअकराला आईला घेऊन सुरूच्या कडेपर्यंत या. संध्याकाळी मुलं जिथे खेळली होती तिथे किती पाणी आहे, ते तुम्हाला दिसेल. गेल्यावर काय केलंत ते इथेच लिहा. जागा ठरवताना काही अडलं तर तिथी आणि गाव कळवा, मला माहीत असेल तेवढं सांगेन.