चौरस मिलिमीटरांचे माहात्म्य

खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घ्यायचे तुम्ही ठरवले असेल, तर सर्वप्रथम तो हातात घेऊन पाहण्याचा मोह आवरावा. कॅमेरा एकदा हातात आला की तो निसटतो का, अंगठा टेकायला जागा आहे का, झूमचा खटका तर्जनीला न शोधता सापडतो का, असले क्षुद्र प्रश्न मनात येऊ लागतात आणि खरेदीचे शास्त्रीय अधिष्ठान ढासळते. जाणकार माणूस कॅमेरा पाहतच नाही. तो तपशिलांचा तक्ता उघडतो, सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, ओळीवर बोट ठेवतो आणि लांबीला रुंदीने गुणतो.

गुणाकार अवघड नाही. साध्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा असतो. एक इंची म्हणवणारा १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटरचा. (त्याची एकही बाजू इंचभर नाही आणि कर्णसुद्धा जेमतेम १६ मिलिमीटरचा आहे, जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतील काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेले हे माप आजतागायत चालू आहे, पण भक्ताने अशा चौकशा करू नयेत.) पुढे चढत्या मापांची नावे येतात: फोर थर्ड्स २२५, एपीएस-सी ३७० च्या आसपास आणि फुल फ्रेम थेट ८६४. एफ-नंबर (लेन्सचे छिद्र किती उघडे आहे त्याचे माप, आकडा जितका मोठा तितके छिद्र आवळलेले) सारखाच असेल, तर चौपट क्षेत्रफळावर चौपट प्रकाश गोळा होतो, म्हणजे लहान सेन्सरवर आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) ४०० ला जेवढा नॉइज, म्हणजे फोटोतला रवाळपणा, दिसतो तेवढाच मोठ्यावर १६०० ला दिसतो. हे अगदी खरे आहे, आणि एक गोष्ट खरी निघाली की दुसरी विचारायची नसते.

विशेषतः 'एफ-नंबर सारखाच असेल, तर' या अटीकडे डोळेझाक करावी, कारण तिच्या नादी लागलात तर मोठाच घोटाळा होतो. २०१२ साली सोनीचा आरएक्स१०० एक इंची सेन्सर घेऊन आला, आणि त्याच वर्षी पॅनासॉनिकचा एलएक्स७ जवळपास तिपटीने लहान सेन्सर घेऊन आला. तक्त्यावर निकाल तिथेच लागतो. पण झूम शेवटपर्यंत ताणला की आरएक्स१०० ची लेन्स एफ/४.९ पर्यंत आवळत जाते, तर एलएक्स७ ची एफ/२.३ च्या पलीकडे जात नाही. म्हणजे मोठ्या सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर त्या टोकाला लहानाच्या पाव हिश्श्याहूनही कमी प्रकाश पडतो. दोन्ही लेन्समधून प्रकाश आत शिरण्याची वाट त्या वेळी साधारण साडेसात मिलिमीटर व्यासाचीच असते, त्यामुळे संध्याकाळी दूरचा चेहरा टिपताना तिपटीचा सगळा फायदा लेन्सच गिळून टाकते. हे तुमच्या लक्षात आलेच, तर झूम करू नये.

झूमची हाव मुळातच वाईट. २०१८ च्या कॅनन एसएक्स७४० एचएसमध्ये ४० पट झूम आहे, तोही ३०० ग्रॅम वजनात, आणि सेन्सर बिचारा १/२.३ इंची. फांदीवर बसलेल्या खंड्याच्या चोचीत मासा आहे की चिंगाटी, हे त्यात भर उन्हात ओळखू येते. असल्या प्रलोभनाला बळी पडू नये. तोच खंड्या आरएक्स१०० ने टिपून तेवढ्याच चौकटीत कापून घेतला, तर दोन कोटी पिक्सेलांपैकी जेमतेम दोन लाख उरतात, पण ते दोन लाख किती सात्त्विक असतात!

आता हाताळणीविषयी थोडेसे, कारण लोक विचारतातच. बॉडी गुळगुळीत आहे अशी तक्रार करू नये. चिकटवायची ग्रिप वेगळी विकत मिळते. बॅटरी लहान पडते असेही म्हणू नये. २०१२ च्याच आरएक्स१ मध्ये सोनीने ८६४ चौरस मिलिमीटरच्या सेन्सरला ११६ वाल्या आरएक्स१०० चीच बॅटरी जोडली, आणि पुढे नाकापेक्षा मोती जड व्हावा तशी लेन्स बसवून कॅमेरा खिशात ठेवण्याचा प्रश्न कायमचा सोडवला. कॅननच्या जी१ एक्समध्ये २६२ चौरस मिलिमीटर आहेत, पण फुलाच्या २० सेंटीमीटरपेक्षा जवळ गेलात की तो फोकस करायचे नाकारतो. इथे कॅमेऱ्याला दोष न देता मोठी फुले शोधावीत.

रिकोच्या जीआर मालिकेने मात्र या सुरळीत व्यवहारात विघ्न आणले आहे. एपीएस-सी सेन्सर असूनही हा कॅमेरा एका हाताने सहज चालवता येतो, आणि फोकसचे अंतर आधी ठरवून ठेवले की बटण दाबताक्षणी फोटो निघतो. त्याबदल्यात झूम नाही, आणि २०१९ च्या जीआर ३ मधून फ्लॅशही काढून टाकला आहे. काय द्यावे आणि काय सोडावे याचा कोणीतरी बसून विचार केल्याचा संशय येतो. असे कॅमेरे पाहण्यात आल्यास माणूस आपल्याला नेमके कशाचे फोटो काढायचे आहेत असे स्वतःला विचारू लागतो आणि गुणाकार अर्धवट राहतो, म्हणून यांच्यापासून दूर राहावे.

एवढी पथ्ये पाळूनही वर्षभराने कॅमेरा कपाटातच असल्याचे ध्यानात आले, तर खट्टू होऊ नये. विक्रीच्या जाहिरातीत 'मोठा सेन्सर, अत्यंत कमी वापर, एकही ओरखडा नाही' असे निःसंकोच लिहावे. जाहिरातीतील तिन्ही विधाने खरी असण्याचा योग क्वचितच येतो. मिळालेल्या रकमेत थोडी भर घालून पुढच्या आकाराचा सेन्सर घ्यावा. तो येईपर्यंत नेहमीप्रमाणे फोनवरच फोटो काढत राहावेत, फक्त फोनचा सेन्सर किती चौरस मिलिमीटरचा आहे ते पाहू नये.