जुन्या पाट्यांची चित्रं आणि सरसकट फासलेला गंज

पिठाची गिरणी, सायकल मार्ट, केशकर्तनालय. रस्त्याकडेच्या जुन्या हातरंगी पाट्यांची चित्रं हल्ली बरीच दिसतात आणि बहुतेकांत पाटीभर सारखाच तपकिरी हात मारलेला असतो. माझं स्पष्ट मत आहे, जुनेपणा असा येत नाही. पाटी बनायची कशी हे आधी समजून घ्या.

लाकडी चौकटीवर खिळ्यांनी ठोकलेला पत्रा, त्यावर रेड ऑक्साइड (गंज रोखणारं विटकरी अस्तर), मग ऑइलपेंटची जमीन, म्हणजे अक्षरांमागचा रंग, शेवटी अक्षरं. झीज याच्या उलट क्रमाने होते. ऊन आधी लाल खातं, त्याचा गुलाबी होतो. काळा बराच टिकतो. रेड ऑक्साइडचा रंग उन्हाने उडत नाही, कारण तो मुळात लोखंडाचाच ऑक्साइड. म्हणून पोपडा निघालेल्या जागी कडेला विटकरी रंग दिसतो आणि मधोमध गंज. छज्ज्याच्या सावलीतली वरची पट्टी मूळ रंगाची राहते. ही एक पट्टी नीट रंगवली तरी चित्र खरं वाटायला लागतं.

गंज सुरू होतो खिळ्यापाशी आणि खालच्या कडेला, जिथे पाणी साचतं. ॲक्रिलिकमध्ये बर्न्ट सिएनात (लालसर तपकिरी) किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळा, खूप पातळ करा आणि तीन-चार हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. ओल्यावर ओला मारलात की खालची अक्षरं चिखलतात. ओघळ खिळ्याजवळ गडद आणि खाली विरत जाणारा हवा. पाटी तिरकी लटकत असली तरी ओघळ सरळ खालीच येतो. इथे फार जण चुकतात.

अक्षरांवर मात्र सगळ्यात जास्त वेळ घालवा. आधी शिरोरेषा आखा, अक्षरं तिला लटकवा. पाटी कोनातून दिसत असेल तर लांबची अक्षरं अरुंद होतात आणि मधली जागाही आवळते. कॉम्प्युटरचा फाँट गिरवू नका. त्यात बहुधा हिंदी वळणाचे ल आणि श येतात. आपल्याकडच्या पेंटरचा ल पाकळीचा असायचा. अक्षराला छाया दिलेली असेल तर ती पाटीभर एकाच बाजूला ठेवा.

आणि खालच्या कोपऱ्यातली पेंटरची बारीक सही गाळू नका. निम्मी पुसलेली असेल तर निम्मीच काढा.