‘झाडीपट्टीला कुठं लागतं अनुदान?’ असं म्हणणाऱ्यांना

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटागटांतून एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या चार जिल्ह्यांतली, नाटकं सरकारचा पैसा न घेता तिकिटावर चालतात, खरी कला अशीच जगते. शेतकरी अडचणीत असताना नाट्यगृहांवर खर्च नको. आणि ज्याला हौस असेल त्या जिल्ह्यानं आपलं आपण बघावं, चार जिल्ह्यांनी मिळून सरकारच्या दारात कशाला जायचं?

मी याच भागातला. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘तिकिटावर चालते.’ हे अर्धंच खरं आहे. गावचं मंडळ ठरलेली रक्कम मोजून कंपनीचं नाटक आणतं, शामियाना ठोकतं आणि मग तिकिटं विकतं. खोट आली तर मंडळातली पोरं आपसात वर्गणी काढून भरतात. म्हणजे गुंतवणूक आहेच, फक्त ती गावानं केलेली आहे. आणि तिकिटातून काय भागत नाही ते बघायचं तर रंगमंचामागं जावं. मागच्या हिवाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाजवळच्या एका गावी मी गेलो होतो. पहाटेचे तीन वाजले असतील. बांबूला साडी बांधून आडोसा केलेला, खाली तणस अंथरलेली. तोंडाला रंग, अंगात स्वेटर अशी एक नटी मोबाइलच्या उजेडात काजळ नीट करत होती. तिचा प्रवेश झाला, टाळ्या पडल्या. मग ती आणि तिची सोबतीण टॉर्च घेऊन धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधानं, अंधारात निघून गेल्या, कारण जवळपास कुठं संडासच नव्हता. त्या रात्री शामियान्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

करोनाच्या वर्षी हंगाम बुडाला तेव्हा याच कलावंतांच्या गाठीला काही नव्हतं. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, आम्हा सगळ्यांची छाती फुगली. पण एका कलावंताच्या सन्मानानं तालमीची खोली बांधून होत नाही.

‘मराठी रंगभूमी लोकांनी उभी केली, राज्यकर्त्यांनी नाही.’ हे वाक्यही त्याच मजकुरात आहे, आणि इथं तर इतिहासच उलटा सांगितलाय. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. 1851 साली चिंतामणराव वारले, आश्रय सुटला, तेव्हा भाव्यांनी मंडळी घेऊन बाहेरची वाट धरली आणि 1853 साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मुंबईच्या तिकीटबारीवर उभं राहायचं बळ कुठून आलं? सांगलीतल्या त्या सुरुवातीच्या वर्षांतून. कोल्हापूरचं पॅलेस थिएटर शाहू महाराजांनी बांधलं, 1915 साली ते सुरू झालं, पुढं केशवराव भोसल्यांच्या नावानं ओळखलं गेलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री त्याला आग लागली. ते बघून ज्यांचे डोळे भरून आले, त्यांना नाट्यगृहावरचा खर्च म्हणजे चैन असं सांगून बघा.

‘आधी शेतकरी, मग कला.’ हा मुद्दा मनाला भिडतो, मलाही भिडतो. पण झाडीपट्टीचा नट कोण? हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो तो धान निघालेलं असतं म्हणून. पावसाळ्यात चिखलात रोवणी करणारेच हात थंडीत पेटीवर आणि ढोलकीवर असतात. सिंधुदुर्गात दशावताराचंही असंच, पावसाळ्यात शेती आणि मग जत्रा. कलेचा पैसा तोडला तर तो त्याच शेतकऱ्याच्या घरातून जाणार.

‘जिल्ह्यानं आपलं बघावं.’ सगळ्यात मोठी चूक इथं आहे. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. कंपनी वडशाची, नायिका भंडाऱ्याची, खेळ चंद्रपुरातल्या गावात. यातला कुठला जिल्हा ‘आपलं’ म्हणणार? प्रत्येकानं सुटा अर्ज केला तर चारही ठिकाणी ‘रस्ते, दवाखाने आधी’ असं ऐकून परत यावं लागतं, आणि ते उत्तर खोटं असतं असंही नाही. चौघांनी मिळून एक तालीमघर मागितलं तर खर्चही विभागतो आणि मागणीलाही वजन येतं. कला राज्यांच्याही सीमा ओलांडते हे केंद्रानं ऐंशीच्या दशकातच मान्य केलं आणि देशात सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रं काढली. महाराष्ट्र त्यांतल्या नागपूरच्या केंद्रात आहे आणि उदयपूरच्याही. राज्यं एकत्र बसू शकतात, तर चार शेजारी जिल्ह्यांना काय अडचण?

‘सरकारी पैशानं कला मिंधी होते.’ ही भीती मी उडवून लावणार नाही. म्हणूनच पैसा संहितेवर नको, सोयींवर हवा. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून सरकारच भरवतं, आणि तिथं सरकारला झोंबणारी नाटकंही झाली आहेत.

आमची मागणी लहान आहे. वडशात एक तालीमघर. फिरत्या कलावंतांना अपघात विमा. आणि जिथं वर्षानुवर्षं खेळ होतात, त्या गावांत रंगमंचामागं पक्क्या भिंतींची, आतून कडी लागणारी एक खोली, तिला लागून संडास आणि पाण्याचा नळ.