नुसते पॉइंट मोजून टीममेटची तुलना करू नका

आज परत तेच. कोणीतरी फॉर्म्युला वनचा २०१६ चा पॉइंटचा तक्ता टाकला, मर्सिडीजच्या दोन ड्रायव्हरांचा: निको रॉसबर्ग ३८५, हॅमिल्टन ३८०. खाली एकच ओळ, "गाडी सारखी, टीम सारखी, विषय संपला." त्याखाली टाळ्यांचा पाऊस! डोकंच फिरलं.

संपला कसा? त्या वर्षीची मलेशियाची रेस मी दादाबरोबर पाहिली होती. हॅमिल्टन सगळ्यांच्या पुढे, लॅप (ट्रॅकची फेरी) ४१, आणि अचानक गाडीच्या मागून ज्वाळा. इंजिन गेलं. दादा कट्टर रॉसबर्गवाला. वाटलं, आता उड्या मारणार. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला आणि वही ओढली. दोघांची प्रत्येक रेस तो त्यात पेन्सिलीने मांडायचा. रॉसबर्ग तिसरा आला म्हणून त्याच्यासमोर ३ लिहिलं, हॅमिल्टनसमोर नुसतं "इंजिन", आणि अख्ख्या ओळीवर काट मारली. म्हणाला, "ही धरायची नाही. पहिल्याच वळणावर फेरारीच्या वेटेलने धडकून निकोची गाडी फिरवली, नंतर याचं इंजिन गेलं. दोघांत वेगवान कोण, ते यातून कसं कळणार?"

बार्सिलोनाला दोघं एकमेकांवर आदळून पहिल्याच लॅपमध्ये बाहेर पडले होते. तीही ओळ काटलेली.

अहो, टीममेटशी तुलना करायची ती गाडीची सबब उरू नये म्हणून. पण गाडी सारखी असली म्हणून दोघांची रेस सारखी होत नाही. एकाला टायर बदलायला आधी पिटमध्ये बोलावतात, दुसरा झिजलेल्या टायरवर दोन लॅप जास्त काढतो, आणि तिथेच सगळं जातं. आणि तक्ताच प्रमाण मानायचा तर १९८८ चं काय करणार? मॅकलॅरेन टीममध्ये प्रॉस्टचे एकूण पॉइंट १०५, त्याचा टीममेट सेन्नाचे ९४. चॅम्पियन सेन्ना! कारण तेव्हा सर्वोत्तम ११ निकालच धरायचे. १९८४ ला तर टीममेट लाउडा त्याच प्रॉस्टच्या पुढे अर्ध्या पॉइंटने. अर्ध्या! त्यावरून ठरवायचं कोण भारी?

बरं, वर्षभर हॅमिल्टनसमोर टिकणं सोपं नव्हतं, मान्य. रॉसबर्गचं विजेतेपद कोणी काढून घेत नाहीये.

अबू धाबीला ते नक्की झालं तेव्हा दादा ढसाढसा रडला. पाच दिवसांनी रॉसबर्गने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा दिवसभर कोणाशी बोलला नाही. इतकं प्रेम होतं. तरी नंतर त्याने वही उघडली तेव्हा मलेशियाच्या ओळीवरची काट खोडली नाही. वही आता माझ्याकडे आहे. मघाशी काढून पाहिली. पेन्सिल पुसट झालीय, काट अजून दिसते.