ट्विटीची बाटली मी टाकणार नाही

परवा कपाट आवरताना आई पुन्हा म्हणाली, “अगं, टाकून दे की ती बाटली. आत काय राहिलंय?”

राहिलंय. तळाला नखाएवढा चहाच्या रंगाचा थर राहिलाय.

१९९७ मध्ये मामा मस्कतहून सुट्टीला आला, तेव्हा त्यानं आणलेला हा सेंट. कार्टूनमधल्या ट्विटी पक्ष्याचं पिवळं डोकं म्हणजे टोपण, खाली बसकी काच. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरी सेंट म्हणजे बाबांचा, लग्नाला जाताना लावायचा, आणि त्याला आम्ही हात लावायची सोय नव्हती. माझी स्वतःची अशी पहिली वासाची वस्तू ही. रोज एकच फवारा मारायचे, तोही शाळेच्या रुमालावर.

वास आधी आंबटगोड, स्ट्रॉबेरीच्या गोळीसारखा, मग उरायचा तो नुसता व्हॅनिला. जाणकारांनी नाक मुरडावं असाच. असल्या वासांतली स्ट्रॉबेरी सहसा फळातून येत नाही. त्यासाठी अत्तराच्या धंद्यात ‘स्ट्रॉबेरी अल्डिहाइड’ म्हणून ओळखलं जाणारं रसायन आहे. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन जुनं होत जाईल तसं तपकिरी पडतं, बाटलीतला रंग बहुतेक त्याचाच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं. उतरल्यावर घरभर गाळ, डिझेल आणि भिजलेल्या गाद्यांचा वास. आठवडाभर फिनेलनं पुसलं तरी जाईना. सगळ्यात वरच्या फळीवर, स्टीलच्या डब्यात ही बाटली कोरडी सापडली. चिखलात उभ्या उभ्या टोपण काढून नाकाशी धरली, आणि बाकावर ठेवलेली माझ्या रुमालाची घडी समोर दिसायला लागली. पाहिलेलं, ऐकलेलं मेंदूत थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यातून पुढं जातं. वासाला तो वळसा नसतो, भावना आणि आठवणींच्या भागांशी त्याचं थेट नातं असतं. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी नुसती रडले.

म्हणून अशा बाटल्या जमवणाऱ्यांना कुणी पोरकट म्हटलं की मला राग येतो. अमेरिकेत एव्हॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं १९६०-७० च्या दशकांत स्नूपी या कार्टूनमधल्या कुत्र्याच्या आकाराच्या बाटल्यांत शाम्पू, बबल बाथ विकले. त्या आजही लोक जपून ठेवतात. फ्रान्समध्ये व्हर्सायला ओस्मोतेक नावाचं वासांचं संग्रहालय १९९० पासून आहे. बंद पडलेली अत्तरं तिथं अंधारात, १२ अंश सेल्सिअसला, आरगॉन वायूखाली ठेवतात. फार मोलाचं काम आहे ते. पण मिकी, हॅलो किटी, ट्विटीच्या नावानं विकलेला पोराटोरांचा सेंट कोण जपणार? तो बनायचा बंद झाला की संपलाच. राजारामपुरीतल्या माझ्या एका मैत्रिणीच्या लाकडी कपाटात अशा तीसेक बाटल्या आहेत. तिच्या घरातल्यांना ती अडगळ वाटते, मला नाही वाटत.

एक मात्र मला अजिबात पटत नाही. रिकाम्या बाटलीत भलतंच काहीतरी भरून ‘ओरिजिनल’ म्हणून विकतात. मीही फसलेय. मिनी माऊसची बाटली हौसेनं मागवली, उघडली तर उदबत्तीचा वास! पैशांपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं, कारण ज्या कुणाच्या लहानपणाचा तो वास होता, तो त्या विक्रेत्यानं धुऊन टाकला होता. रिकामी असेल तर रिकामी म्हणून विका, आम्ही तीही घेऊ.

आणि ज्यांच्याकडं आहेत त्यांनी त्या खिडकीत मांडू नका. ऊन, उष्णता आणि हवा वासाला मारतात. जुना सेंट अंगावर तर मारूच नका. संत्र्या-लिंबाच्या वासातलं लिमोनिन हवेनं बदलतं आणि अंगावर पुरळ उठू शकतं. टोपण काढून हुंगायचं, घट्ट लावून परत अंधारात ठेवायचं.

मी एक वही केलीय. बाटलीचा आकार, कुणी आणली, कधी आणली, आधी कसला वास येतो, मग कसला. आतापर्यंत अकरा पानं झालीत. कोल्हापुरात कुणाच्या घरी अशी बाटली भंगारात निघाली असेल तर देण्याआधी मला कळवा. मी येऊन हुंगून, लिहून घेते. बाटली तुमचीच राहील.